मायक्रोत बसू की मॅक्रोत

८ जानेवारी, सोमवार

आज नणंदबाईंनी मला कॉलेजात घातलं. मी गेले असं म्हणायला तोंडच नाही. हॅरिएटने दारात गाडी उभी केली, हॉर्न वाजवला, आणि मी कोटाची बटणं लावत बाहेर आले तर म्हणाली, "बस आत. तुझं नाव घालायला चाललोय."

कारण काय, तर शनिवारी मी तिच्यादेखत टीव्हीवरच्या माणसाशी भांडले. तो सांगत होता की महागाई उतरतेय, आणि मी त्याला अंड्यांचा भाव ऐकवत होते. हॅरिएट म्हणाली, "अगं आर्लिस, त्याला ऐकू येत नाही. जिथे कोणी उलट उत्तर देईल तिथे जाऊन ओरड ना."

एयनार गेल्यापासून माझी सूत्रं तिच्याच हातात आहेत. एयनार म्हणजे माझा नवरा, तिचा धाकटा भाऊ. ती शेजारच्या घरात राहते आणि मागचं दार न वाजवता आत येते. दातांच्या दवाखान्यात मी सगळा जन्म लोकांना "बसा, डॉक्टर बोलावतील" म्हणण्यात घालवला, पण हॅरिएटला "बस" म्हणायची संधी मला कधी मिळालेली नाही.

कॉलेजच्या काउंटरवर चमकी घातलेली एक गोड मुलगी होती. तिने समजावलं, की साठीच्या पुढे गेलेल्यांना, वर्गात जागा उरली असेल तर, जवळजवळ फुकटात बसू देतात. परीक्षा नाही, मार्क नाहीत. मात्र एका वेळी विषय एकच. आणि अर्थशास्त्राचे श्रीगणेशाचे वर्ग दोन आहेत. मायक्रोत एकेक माणूस, एकेक दुकान काय करतं ते शिकवतात, मॅक्रोत अख्खा देश. "दोन्हीकडे बसून बघा," मुलगी म्हणाली, "पण सव्वीस तारखेला कुठल्यातरी एकावर सही करा."

"मॅक्रो," हॅरिएट माझ्या वतीने म्हणाली. "हिचं भांडण देशाशी आहे."

९ जानेवारी, मंगळवार

दोन्ही वर्गांना बसून आले. पाय दुखताहेत, डोकं गरगरतंय, आणि मी खूप दिवसांनी इतकी हसले.

आधी मायक्रो. शिकवायला पाकू वांग नावाच्या बाई आहेत, वयाने माझ्या भाचीएवढ्या, उंचीने माझ्या खांद्याएवढ्या. त्यांनी चॉकलेटच्या वड्यांचा आख्खा ट्रे आणला होता. पुढच्या बाकावरच्या एका धिप्पाड पोराला एक वडी दिली. तो खूश. दुसरी दिली. "पहिलीला जेवढे पैसे मोजले असतेस तेवढे हिला मोजशील?" तो म्हणाला, थोडे कमी. तिसरी, चौथी. पाचव्या वडीला तो म्हणाला, "बाई, आता तुम्ही मला पैसे द्या." वर्ग नुसता खिदळत होता. बाईंनी मग फळ्यावर एक उतरती रेघ काढली, आणि ती रेघ म्हणजे त्या पोराचं पोट हे सगळ्यांना कळलं.

मला राहवलं नाही. हात वर करून विचारलं, "मग माझी नणंद मला चौथ्यांदा का वाढते?"

"कारण चौथ्या वाढपाचं सुख तुम्हाला नाही, त्यांना मिळतं," बाई म्हणाल्या. "त्यांची रेघ वेगळी." घरी येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होते.

नंतर मॅक्रो. प्रोफेसर रूडेल सज्जन गृहस्थ आहेत, पण वर्गातला हीटर घरघरतोय की सर बोलताहेत हे मागच्या बाकांवर कळत नाही. मागेच बसले होते, कारण माझ्याखेरीज उतारवयाचा जो एकुलता एक विद्यार्थी होता, तो तिथे बसला होता. नाव कार्माइन पेट्रोन. ब्रुकलिनचा. बायको वारल्यावर मुलीने इकडे आणलं, ती आमच्या इस्पितळात नर्स आहे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणे. आमच्या गावात लिफ्ट एकच, तीही इस्पितळातली, तेव्हा ह्या माणसाला इथे मॅक्रोखेरीज दुसरं करण्यासारखं काय असणार?

तो कुजबुजतो तेव्हा तीन रांगांना ऐकू जातं. "तुम्हीपण फुकट्या का?" हे त्याचं मला उद्देशून पहिलं वाक्य. मिनेसोटाच्या जानेवारीत अंगात पावसाळी कोट. केस पांढरे, पण भुवया अजून काळ्याभोर. हे मी मुद्दाम पाहिलेलं नाही, शेजारी बसलं की दिसतंच.

मॅक्रोत राष्ट्रीय उत्पन्नाविषयी झालं.

११ जानेवारी, गुरुवार

ठरलं. मॅक्रो.

वांगबाईंचा तास आजही रंगला. गावात सलूनं चार आणि न्हावी तीनच असले तर काय होईल, यावर पोरं हमरीतुमरीवर आली, मीही आले. पण माणसाने मोठ्या गोष्टींचा विचार करायला हवा. देश कसा चालतो हे नागरिक म्हणून आपल्याला समजलं पाहिजे. हॅरिएटला तसं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. "शेजारी कोण बसतं?" तिने विचारलं.

"शेजारी? कोणी नाही. एक ब्रुकलिनचा माणूस आहे."

"हं," हॅरिएट म्हणाली.

१६ जानेवारी, मंगळवार

उणे चोवीस. मॅक्रो सुटल्यावर बाहेर आले तर कार्माइन गाडीचं बॉनेट उघडून उभा. डोक्याला टोपी नाही! मी सरळ जाऊन विचारलं, रात्री प्लग लावला होता का. "कसला प्लग?"

गाडीच्या नाकातून वायर लोंबत होती, ती मी हातात धरून दाखवली. "ही कशाला आहे असं वाटलं तुम्हाला?"

"मला वाटलं, आधीच्या मालकाचं काहीतरी अर्धवट राहिलंय."

"ही रात्री भिंतीतल्या प्लगला लावायची. इंजिनाला ऊब मिळते. नाहीतर सकाळी तुमच्याकडे गाडी नसते, लोखंड असतं."

तो इतका हसला की तोंडातून वाफेचे ढग निघाले. मी माझ्या गाडीतल्या वायरी काढून त्याच्या बॅटरीला लावल्या. असं मी कोणासाठीही केलं असतं. शिवाय त्याच्या डोक्यावर माझी लोकरीची टोपी घातली, तीही कोणाच्याही डोक्यावर घातली असती.

गाडी सुरू झाल्यावर तो म्हणाला, "चला, कॉफी पाजतो तुम्हाला."

मी म्हटलं, "अहो नको, उगाच तुम्हाला कशाला त्रास."

"बरं," तो म्हणाला. आभार मानले, हात हलवला आणि गेला!

मी वायरी हातात घेऊन तिथेच उभी. आमच्याकडे ज्याला खरंच कॉफी पाजायची असते तो तीनदा आग्रह करतो. पहिल्यांदा आपण नको म्हणायचं, दुसऱ्यांदा "तुम्ही घेणार असाल तर", तिसऱ्यांदा "अर्धाच कप हं". हे शेंबड्या पोरालाही कळतं. पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचं म्हणजे जन्मात कॉफी पाहिली नाही असं दाखवणं. त्याने दुसऱ्यांदा विचारलंच नाही, म्हणजे नुसतं तोंडदेखलं बोलला. बरंच झालं. मला कॉफी नकोच होती.

घरी येऊन दोन कप प्यायले.

१८ जानेवारी, गुरुवार

वांगबाई आज म्हणाल्या, "माणसांना काय हवंय ते त्यांना विचारत बसू नका. ती खोटं बोलतात, आणि बिचाऱ्यांना ते माहीतही नसतं. ती काय उचलतात ते बघा." मग सबंध तास आम्ही दुकानात गेलेल्या लोकांच्या टोपल्या तपासल्या. ओटमीलवर व्याख्यान देणाऱ्याच्या टोपलीत डोनट. मी दोन उदाहरणं दिली, दोन्ही हॅरिएटची.

सुटल्यावर बाईंनी विचारलं, "आर्लिस, तुम्ही माझ्याकडे राहणार ना?"

मी म्हटलं, मॅक्रोत जायचं ठरवलंय, देशाचं चित्र समजायला हवं.

"छानच. मंगळवारी काय शिकवलं रूडेलसरांनी?"

मी सांगायला लागले की सरांनी एक आकृती काढली, त्यावर कार्माइन म्हणाला की भाव म्हणजे सरकारी इमारतीतली लिफ्ट, वर पोचली की खाली यायचं नाव नाही, आणि मग त्याने एका लिफ्टची गोष्ट सांगितली, तिच्यात एक नवरदेव अडकला होता आणि कार्माइनने छताच्या झडपेतून त्याला शपथेचं वाक्य पाठ करायला लावलं...

"आणि आकृती कशाची होती?"

मला आठवेना. बाई हसल्या. का हसल्या, कळलं नाही. वयानुसार विसरायला होतं, त्यात हसण्यासारखं काय आहे?

मॅक्रोच्या तासाला कार्माइन म्हणाला, "मागच्या दोनच खुर्च्या उरल्यात म्हणे. सरांना सांगून ही तुमच्यासाठी धरून ठेवू का?"

"छे, छे, कशाला? मला काय, कुठेही चालेल," मी म्हटलं.

"अच्छा," म्हणून तो फळ्याकडे बघत बसला. उरलेला तास एकदाही कुजबुजला नाही. दात दुखत असावा. त्या चेहऱ्याची माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

२० जानेवारी, शनिवार

बटाटे संपवायचे होते म्हणून लेफ्से केल्या, आमच्या नॉर्वेकडच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या. हॅरिएट लाटायला आली. "संपवायचे होते? परवा तर पोतं आणलंस," ती म्हणाली. मी म्हटलं, म्हणूनच.

गरम तव्यावरून काढून, लोणी-साखर लावून, गुंडाळून आम्ही दोघींनीच बऱ्याच खाल्ल्या. ताटलीतली शेवटची अर्थात कोणीच घेतली नाही. हॅरिएटने तिची अर्धी केली, मी त्या अर्धीची पाव केली, संध्याकाळी ती गेली तेव्हा ताटलीत नखाएवढा तुकडा होता. अर्धा डबा मी बाजूला भरून ठेवला. हॅरिएटने पाहिला, पण तोंडातून शब्द काढला नाही. हे तिच्याबाबतीत फार क्वचित घडतं.

२३ जानेवारी, मंगळवार

निळा स्वेटर घातला, कारण राखाडी धुवायला टाकला होता.

मॅक्रोच्या आधी डबा उघडून कार्माइनपुढे धरला. "घ्या ना एखादी." मी पुढच्या दोन आग्रहांची तयारी ठेवली होती. तो म्हणाला, "आणा," आणि घेतली! खाऊन होताच, "अजून एक घेऊ का?" आणि घेतली! शेवटची राहिली तेव्हा मी सवयीने म्हटलं, "घ्या, घ्या," आणि त्याने तीही उचलली. शेवटची! अख्खी! अर्धी न करता!

मला राग यायला हवा होता. पण त्याच्या हनुवटीला साखर लागली होती आणि तो डोळे मिटून म्हणत होता, "देवा रे, हे काय आहे?" मी जन्मभर लेफ्से लाटतेय, इतकं उघडउघड कोणी खाल्लं नव्हतं. एयनार म्हणायचा, "वाईट नाहीत." आमच्याकडे यापेक्षा मोठं कौतुक नाही, आणि मला ते पुरायचं. पण आज जे झालं तेही काही वाईट नव्हतं.

मग तो म्हणाला, "शुक्रवारी माजी सैनिकांच्या लीजन हॉलवर मासे तळतात असं ऐकलं. माझ्याबरोबर याल?"

माझ्या छातीत काहीतरी लकाकलं. मी म्हटलं, "अहो नको, शुक्रवारी कुठे... तुम्ही जा ना, मुलीला घेऊन जा." आणि थांबले. पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. माणसाला दुसऱ्यांदा विचारायला याहून जास्त वेळ कोण देईल?

"समजलं," तो म्हणाला. रिकाम्या डब्याला झाकण लावून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला, जपून, काचेचा असल्यासारखा.

ब्रुकलिनच्या माणसांचं काही खरं नाही.

२५ जानेवारी, गुरुवार

कार्माइन आज पुढच्या बाकावर जाऊन बसला. खिडकीपाशी, माझ्यापासून वर्गाच्या दुसऱ्या टोकाला. मी आत आले तेव्हा मान लववून "नमस्कार, बाई" म्हणाला. बाई! माझी टोपी घडी करून माझ्या खुर्चीवर ठेवली होती.

तासभर मी रूडेलसरांचं बोलणं लक्ष देऊन ऐकलं. पहिल्यांदाच. मला त्यात काडीचाही रस नाही.

संध्याकाळी हॅरिएट सूप घेऊन आली आणि माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं? सांग." मी सगळं सांगितलं, की तो माणूस किती तोंडदेखला आहे, विचारतो आणि सोडून देतो, कॉफीचं तसंच, जागेचं तसंच, आता माशांचं. हॅरिएटने चमचा खाली ठेवला.

"तू काय म्हणालीस त्याला?"

"नको म्हटलं. काय म्हणणार?"

"तिन्ही वेळा?"

"अगं, तीन कुठे? प्रत्येक गोष्टीचं त्याने एकेकदाच विचारलं!"

हॅरिएटचे खांदे हलायला लागले. ती हसतेय हे मला जरा उशिराच कळलं. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. "अगं वेडे, तो ब्रुकलिनचा! तिकडे नको म्हटलं की नको असतं. त्या बिचाऱ्याला वाटलं, ह्या बाईला मी नको. तीनदा तोंडावर आपटून चौथ्यांदा सभ्यपणे लांब जाऊन बसला. कॉफी एक, खुर्ची दोन, मासे तीन. झाला की आग्रह पुरा!"

"पण ते वेगवेगळ्या गोष्टींचे..."

"गोष्ट एकच होती, आर्लिस."

मी सुपाकडे बघत बसले. माझे कान तापले होते. त्याच्या चेहऱ्यावरची ती दातदुखी आता मला वेगळी दिसायला लागली. दातांच्या दवाखान्यात सगळा जन्म काढलेली बाई मी!

"एयनारने तुला लग्नाचं किती वेळा विचारलं?" हॅरिएटने डोळे पुसत विचारलं.

"तीनदा."

"किती दिवसांत?"

"तीन हिवाळ्यांत."

"मग? आता उधळायला आहेत तुझ्याकडे तीन हिवाळे?"

मी म्हटलं, "तू एयनारची बहीण आहेस." एवढंच बोलले, पण ते फार दिवस बोलायचं राहिलं होतं.

ती उठली, नळाखाली एक कप धुतला. कप स्वच्छच होता. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "एयनार गेला. मी आहे, तू आहेस. आणि रोज संध्याकाळी तुझं टीव्हीशी भांडण ऐकायचा मला मनस्वी कंटाळा आलाय." मग सूप न खाताच गेली, आणि मागचं दार नेहमीपेक्षा हळू लावलं.

२६ जानेवारी, शुक्रवार

सहीचा दिवस.

चमकीवाल्या मुलीने कागद पुढे केला. मायक्रो, मॅक्रो, दोन चौकोन. पेन हातात घेऊन मी उभी राहिले आणि पहिल्यांदा स्वतःशी खरं बोलले. मला मॅक्रो आवडत नाही. मला मागच्या बाकावरची ती खुर्ची आवडते. आणि वांगबाईंच्या वर्गात मात्र शेजारी कोण बसलंय हे मी आजवर पाहिलेलंही नाही, इतकी मी फळ्याकडे बघत असते.

मॅक्रोवर सही केली तर तो दर तासाला दिसेल, न विचारता, न मागता. मी मागे, तो पुढे, आणि मे महिन्यापर्यंत नमस्कार बाई, नमस्कार. मायक्रोवर केली तर मनासारखं शिकायला मिळेल, पण त्याला भेटायला काही निमित्तच उरणार नाही. भेटायचं तर तोंड उघडून, भेटायचंय असं म्हणावं लागेल. जन्मात मी कोणाला असं म्हटलेलं नाही.

मायक्रोवर सही केली. अक्षर जरा वाकडं आलं.

वळले तर बाहेर बाकावर कार्माइन बुटांवर रबरी बूट चढवत होता. तोही सहीलाच आला होता.

"कशावर केलीत?" त्याने विचारलं.

"मायक्रोवर."

"हं." तो बुटाकडे बघत म्हणाला, "मी मॅक्रोवर. सरांच्या आवाजाने मला शांत वाटतं. शिवाय कधी नाही ते बातम्या समजायला लागल्यात."

आता बोलले नाही तर कधीच नाही, असं वाटून मी सुरुवात केली. "आज लीजनवर मासे आहेत..."

"हो."

"मी अजून विचारलं नाही."

"चुकलं. विचारा."

"माझ्याबरोबर येता का?"

"हो."

मी दुसऱ्या आणि तिसऱ्या आग्रहाची वाक्यं घरून पाठ करून आणली होती, ती माझ्याच्याने आवरेनात. "नाही म्हणजे, तुम्हाला काही काम असेल तर..."

"काम नाही. येतो."

"गर्दी असते हं. ताटकळावं लागतं. मी आपलं सहज..."

"आर्लिस," तो उभा राहिला, एका पायात रबरी बूट, एका पायात नाही. "मी हो म्हणालोय. तुमच्या गावात हो किती वेळा म्हणावं लागतं?"

"हो एकदाच," मी म्हटलं. "नको तीनदा म्हणायचं असतं."

 त्या काळ्या भुवया हळूहळू वर गेल्या. "म्हणजे त्या दिवशी कॉफी..."

"हवी होती."

"आणि खुर्ची?"

"तीही."

"आणि मासे?"

"ते तर फारच."

त्याने कपाळावर हात मारला आणि असा हसला की चमकीवाली मुलगी दारातून डोकावली. "काय झालं?" तिने विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, "मला इथली भाषा येत नव्हती." मीही हसत होते, भिंतीला टेकून, हातमोजा तोंडावर दाबून. माझ्या पोटात दुखेपर्यंत मी कॉलेजच्या व्हरांड्यात हसले.

२७ जानेवारी, शनिवार

काल लीजनवर सगळं गाव होतं आणि सगळ्या गावाने आमच्याकडे पाहिलं नाही. आमच्याकडे न पाहण्याचं हे काम लोक फार मन लावून करतात. माझ्या मागच्या टेबलावरच्या चर्चच्या बायकांनी तर न पाहता कार्माइनच्या मफलरचा रंगसुद्धा हॅरिएटला सकाळी फोन करून सांगितला.

त्याने मला व्याजदर समजावला. लिफ्टच्या ब्रेकचं उदाहरण देऊन समजावला, आणि मला कळला. रूडेलसरांनी दोन तास घालवले होते. मी त्याला वड्यांची उतरती रेघ सांगितली आणि माशांचा तिसरा तुकडा खाताना त्याने ती ताडून पाहिली. तो म्हणाला, "मग असंच करू ना. तू तुझं शिक, मी माझं शिकतो, आणि शुक्रवारी अदलाबदल." आम्ही एकमेकांना कधी तू म्हणायला लागलो ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शेवटी गोड म्हणून अ‍ॅपल पायचे तुकडे घेऊन वाढपी बाई आली. कार्माइनने माझ्याकडे एक डोळा मिचकावला आणि तिला म्हणाला, "नको नको, उगाच कशाला त्रास." अगदी आमच्या गावच्या चालीवर. तिने पुन्हा विचारलं. "तुमच्याकडे उरणारच असेल तर..." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, "अगदी छोटा हं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला मोठा दे."

मी सदुसष्ट वर्षांची आहे, मला हा माणूस आवडतो, आणि हे लिहिताना मला कसलीही लाज वाटत नाही. थोडी वाटते. पण हॅरिएट शेजारच्या घरात रेडिओ लावून गातेय, आणि ती बेसूर गाते तेव्हा खूश असते.

१ फेब्रुवारी, गुरुवार

मायक्रोची आता मी हक्काची विद्यार्थिनी. वांगबाईंनी माझं नाव पटावर वाचलं तेव्हा पुढच्या बाकावरच्या वडीवाल्या पोराने टाळी वाजवली. आजचा विषय होता, एक गोष्ट निवडली की दुसरी सोडावी लागते आणि त्या सोडलेल्या गोष्टीची किंमतही धरायची असते. बाईंनी विचारलं, कोणी अलीकडे असं काही सोडलंय का. मी हात वर केला नाही, कारण विचार करूनही मला काही सोडल्यासारखं आठवेना.

तास सुटला तेव्हा कार्माइन दाराबाहेर उभा होता, डोक्यावर माझी टोपी. त्याचा मॅक्रोचा तास वरच्या मजल्यावर सुरू होतच होता.

"कॉफी?" तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. मग जिना चढणाऱ्या पोरांकडे बघून म्हटलं, "पण तुझा वर्ग? आज बेकारीवर शिकवणार आहेत ना?"

"तासभर देश माझ्यावाचून चालवतील की," कार्माइन म्हणाला आणि दार उघडून धरलं.

आम्ही दोन कप घेतले, मग आणखी दोन. देश चालला.